तीन लाखांची रायफल आणि नवाचा नेम

नेमबाजीच्या क्लबात नवीन आलेल्या मुलाला किंवा मुलीला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एक प्रश्न हमखास येतो: "स्वतःची रायफल कधी?" प्रश्न साधा आहे, पण त्याच्यामागून येणारे आकडे साधे नसतात. जर्मन बनावटीची नवी दहा मीटरची मॅच रायफल मला तीन लाखांच्या घरात सांगितली गेली. जॅकेट, पँट, बूट वेगळे. हा आकडा घरी सांगितला की दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक, "हा आपल्यासारख्यांचा खेळ नव्हे." दोन, "एफडी मोडूया." मला दोन्ही उत्तरांचा राग येतो. माझं म्हणणं असं की क्लबात, जिल्ह्यात, फार तर राज्य पातळीवर खेळणाऱ्याला तीस-पस्तीस वर्षांची जुनी पण नीट निगा राखलेली रायफल पुरते. पुरते म्हणजे कसंबसं भागतं असं नव्हे. ती रायफल अजूनही आपल्यापेक्षा चांगला नेम मारते.

मराठी साहित्य मंडळाच्या अंकात रायफलीचं काय काम, असं आमच्या संपादक मंडळातल्या एकीनं विचारलंच. तिला मी मावळंकरांचं नाव सांगितलं. बडोद्यात जन्मलेले गणेश वासुदेव मावळंकर आपल्याला लोकसभेचे पहिले अध्यक्ष म्हणून माहीत असतात. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ साली स्थापन झाली तेव्हा तिचेही पहिले अध्यक्ष तेच होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही भरते. म्हणजे महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी माणसाचा या खेळाशी संबंध जुना आहे. शिवाय आपलं बेळगाव कोल्हापूरपासून शंभरेक किलोमीटरवर. २०१० साली म्युनिकला जागतिक विजेती झालेली तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसाळे त्याच जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा. वडील शिक्षक, स्वतः तेव्हा रेल्वेत टीसी. पदक आलं त्या आठवड्यात आमच्या क्लबात चौकशीला इतकी मुलं आली की बसायला खुर्च्या पुरेनात. त्यातली किती टिकली ते विचारू नका. न टिकण्याचं कारण नेम नव्हतं, ते तीन लाख होते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. या दोघांनी पदकं मिळवली ती पन्नास मीटरच्या रायफलीवर, म्हणजे काडतुसाच्या पॉइंट टू-टू वर. तिला शस्त्रपरवाना लागतो, काडतुसं महाग. विद्यार्थ्याच्या आवाक्यात असते ती दहा मीटरची एअर रायफल, हवेच्या दाबावर ४.५ मिलिमीटरचा छर्रा सोडणारी. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये १९८४ साली आला. मी लिहितेय ते या रायफलीबद्दल.

आता थोडं गणित. माझा विषय साहित्य असला तरी हे गणित मी तीनदा करून पाहिलंय, आणि बीएस्सीच्या मित्राकडून तपासूनही घेतलंय. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, खसखशीच्या दाण्याहून लहान. प्रत्येक वर्तुळ त्याच्या आतल्यापासून अडीच मिलिमीटरवर. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर दशांशात गुण मिळतात, सगळ्यात वरचा १०.९, आणि प्रत्येक दशांश म्हणजे पाव मिलिमीटर. साठ छर्रे, पंचाहत्तर मिनिटं. मागच्या एका खुल्या क्लब स्पर्धेत माझे ५६० झाले. म्हणजे सरासरी ९.३, म्हणजे माझा छर्रा मध्यापासून सरासरी चार मिलिमीटरच्या थोडा पुढे पडतो. हे चार मिलिमीटर माझे आहेत. माझा श्वास, माझा डावा कोपर, ट्रिगरवरचं माझं बोट, आणि आदल्या रात्री भाषाविज्ञानाच्या पेपरसाठी केलेलं जागरण.

चांगली नवी रायफल बेंच-वाइसमध्ये घट्ट आवळून पाच छर्रे मारले तर पाचही जवळजवळ एकाच भोकातून जातात. चांगली जुनी रायफलसुद्धा तेच करते, फार तर भोक अर्ध्या मिलिमीटरनं मोठं होतं. हा फरक माझ्या चार मिलिमीटरमध्ये मिसळला की अख्ख्या साठ छर्र्यांच्या मॅचमध्ये जेमतेम एखादा गुण जातो. पाचशे साठच्या जागी पाचशे एकसष्ट. त्या एका गुणासाठी दोन-अडीच लाख जास्त मोजायचे? ज्या दिवशी मी सहाशे पंचवीस मारीन त्या दिवशी हा हिशोब बदलेल. तेव्हा एकेक दशांश मोलाचा असतो, आणि तेव्हाच्या प्रश्नांना तेव्हा बघू.

जुन्या बाजारात साधारण तीन प्रकारच्या रायफली मिळतात. हे तीन प्रकार नीट समजले की अर्धी फसवणूक टळते.

पहिली स्प्रिंगची. यात फाइनवेर्कबाउ ३००एस हे नाव पुन्हा पुन्हा ऐकू येईल. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली ही रायफल. एरवी स्प्रिंगची बंदूक झटका देते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच ती हलते. ३००एसमध्ये नळीसकट सगळी यंत्रणा स्टॉकवरच्या रुळांवरून मागे सरकते, त्यामुळे खांद्याला झटका जाणवत नाही. डोकं लावून केलेली वस्तू आहे. मात्र वजन पाच किलोच्या आसपास, आणि आत स्प्रिंग, सीलं वगैरे झिजणारे भाग. ते बदलून देणारा माणूस ओळखीचा असेल तरच घ्यावी. आमच्याकडे असा माणूस नाही, त्यामुळे मी हा प्रकार सोडला.

दुसरी सिंगल स्ट्रोक. फाइनवेर्कबाउच्या ६०१, ६०२, ६०३, किंवा अन्शुट्झची जुनी २००२. बाजूचा लिव्हर एकदा उघडून मिटला की एका छर्र्यापुरती हवा दाबली जाते. सिलिंडर नाही, पंप नाही, हवा भरायला कुणाच्या दारात जायला नको. लिव्हरचा प्रवास दर वेळी सारखाच, म्हणून दाब दर वेळी सारखाच, आणि म्हणून छर्र्याचा वेगही सारखाच. माझ्या मते आपल्यासारख्या गावातल्या क्लबासाठी यासारखी दुसरी सोय नाही. तोटा एकच: दर छर्र्याला लिव्हर मारायचा, तोही शरीराची ठेवण न बिघडवता. मोठ्या माणसाला याची सवय होते. बारा-तेरा वर्षांच्या बारकुड्या पोराला मात्र साठ वेळा लिव्हर मारणं जड जातं. त्याला ही रायफल देऊ नये.

तिसरी सिलिंडरची, जिला सगळे पीसीपी म्हणतात. आज जागतिक स्पर्धेत सगळ्यांच्या हातात हीच असते. नळीखालच्या सिलिंडरमध्ये दोनशे किंवा तीनशे बार दाबानं हवा भरलेली असते. छर्रा ठेवायचा, बोल्ट लावायचा, मारायचं. चालवायला सगळ्यात सोपी, आणि सेकंडहँड घेताना सगळ्यात फसवी, कारण या सिलिंडरला वयाची मर्यादा असते. उत्पादक साधारण दहा वर्षं देतात, तारीख सिलिंडरवरच कोरलेली असते, आणि मुदतीतला सिलिंडर वापरणं ही नियमानं खेळाडूचीच जबाबदारी. मला एक वाल्थर एलजी३०० पंचाहत्तर हजारांना सांगितली गेली. लाकूड चकचकीत, पेटीसुद्धा मूळची. सिलिंडर फिरवून बघितला तर वर्ष २०११. विकणारा म्हणाला, "अहो ताई, काही होत नाही. आम्ही रोज भरतोय की." दोनशे बार म्हणजे गाडीच्या टायरमधल्या दाबाच्या जवळपास शंभरपट. माझा गाल त्या सिलिंडरपासून वीतभर अंतरावर असतो. मी पेटी बंद केली. नव्या सिलिंडरची किंमत मिळवली तर ती रायफल स्वस्तही राहत नाही.

पीसीपीबद्दल आणखी एक, आणि हे गंभीरपणे वाचा. हवा कुठे भरणार, हा प्रश्न रायफल घेण्याआधी विचारायचा. क्लबाकडे पाणबुड्यांचा मोठा सिलिंडर किंवा हातपंप असेल तर ठीक. नसेल तर कुणीतरी वेल्डिंगच्या दुकानातल्या ऑक्सिजनचा सल्ला देतं. मी स्वतः ऐकलाय. दाबाखालचा ऑक्सिजन आणि आतला तेल-ग्रीसचा अंश एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. रायफलीत कोरडी, स्वच्छ हवाच जाते, दुसरं काहीही नाही.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात आपण काय बघतो? कव्हर फाटकं असलं तरी चालतं, शेवटची सोळा पानं गहाळ असतील तर चालत नाही. रायफलीचंही तेच. स्टॉकवरचे ओरखडे, उडालेलं पॉलिश, पूर्वीच्या मालकानं कोरलेली आद्याक्षरं यांच्यावरून भाव पाडून मागावा आणि मनातून खूश व्हावं. गहाळ पान म्हणजे मागची साइट. डोळ्याजवळच्या ज्या बारीक छिद्रातून आपण बघतो ती पीप साइट काढून घेऊन नुसती रायफल विकतात, कारण साइट वेगळी विकली की चांगले पैसे येतात. साइट असली तरी तपासायची: उजवीकडे दहा क्लिक द्या, पाच छर्रे मारा, दहा क्लिक परत या, पुन्हा पाच मारा. छर्रे पहिल्या जागी परत आले पाहिजेत. नाही आले तर साइटचे आटे झिजलेत. पुढच्या नळकांडीतली गोल रिंग बदलता येते का, तिचे सुटे भाग आजही मिळतात का, तेही विचारायचं.

नळीची परीक्षा वाइसमध्येच होते, आणि विकणारा ती करू देत नसेल तर "येते हं" म्हणून निघावं. छर्रे एकाच प्रकारचे नेऊ नका. मॅचचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ अशा डोक्याच्या मापांत येतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी असते. एखादी रायफल ४.५० वर भोक फाडते आणि ४.४९ वर शहाणी होते. पाचाचं भोक फुगलेल्या जोंधळ्याच्या दाण्याएवढं आलं की नळी चांगली. तेवढ्यात कुणाकडे वेग मोजायचं यंत्र असेल तर दहा छर्र्यांचा वेग लिहून काढा. सेकंदाला एकशे सत्तर मीटरच्या आसपास असावा, पण आकड्यापेक्षा तो सारखा आहे का ते महत्त्वाचं. सिंगल स्ट्रोकमध्ये आणखी एक युक्ती: नळी टार्गेटकडेच ठेवून लिव्हर मारल्यावर मिनिटभर थांबा, मग छर्रा सोडा. वेग बराच पडला तर आतलं सील गेलंय. सील म्हणजे काही जगबुडी नव्हे, फक्त त्याचे पैसे भावातून वजा व्हायला हवेत.

ट्रिगरच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. दहा मीटरच्या एअर रायफलला ट्रिगरच्या वजनाची किमान मर्यादा नाही, त्यामुळे लोक तो इतका हलका करून ठेवतात की फुंकर मारली तर सुटेल. लिव्हर मारून, छर्रा न घालता, रायफलीच्या बुटाला हातानं ठोकून बघा. आपोआप सुटली तर ती दुरुस्त होईपर्यंत रेंजवर आणायची नाही.

हे सगळं पार पडल्यावर सगळ्यात मोठी परीक्षा उरते, ती म्हणजे रायफल तुमच्या अंगाला बसते का. याबद्दल कुणी बोलत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नसतं. खांद्यापासून ट्रिगरपर्यंतचं अंतर, गालाखालच्या लाकडाची उंची, मुठीची जाडी. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, मान सैल सोडा, मग डोळे उघडा. समोर साइटचं छिद्र बरोबर डोळ्यासमोर असेल तर रायफल तुमची. मान ताणून छिद्र शोधावं लागत असेल तर पाचव्या मिनिटाला मान आखडेल आणि चाळिसाव्या छर्र्याला स्पर्धा संपेल. जुन्या लाकडी स्टॉकला वर-खाली करायला जागा कमी असते, हा जुन्या रायफलींचा खरा दोष. सुतार थोडं तासून देतो, बुटाच्या मागे फळीचे तुकडे घालून लांबी वाढवता येते. पण मुळातच फार लांब असलेली रायफल लहान करणं जिकिरीचं.

आमच्या क्लबातल्या एका मुलीचं हेच झालं. दहावीत होती. तिच्या बाबांना कुणीतरी सांगितलं की "नवी इम्पोर्टेड रायफल नसेल तर स्टेट विसरा." त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून नवी रायफल आणली, तीही कॅटलॉग बघून. रायफल उत्तम, पण मुलीच्या चणीला ती जड आणि पुढून ओढणारी. दोन हंगामांत तिचे गुण वाढले नाहीत, आणि प्रत्येक मॅचनंतर घरी हिशोब निघायला लागला. तिला एकदा विचारलं, येत का नाहीस? म्हणाली, "यायचंय खरं, त्या पेटीकडं बघितलं की नको वाटतंय." बेळगावात 'खरं' म्हणजे 'पण', हे बाहेरच्या वाचकांसाठी. रायफल आता पलंगाखाली आहे आणि हप्ता चालू आहे. तिचं नेमबाजीतलं डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं, हे मी लिहून ठेवते.

माझ्यापाशी सत्तर हजार आहेत. बेचाळीस ट्यूशनचे, बाकी मम्मीच्या भिशीचा नंबर लागला ते. ६०२ एका निवृत्त गृहस्थांकडे आहे, अठ्ठावन्न हजार म्हणतात. सत्तरच्या सत्तर रायफलीत घालायचे नाहीत, हे मी पहिल्या दिवसापासून ठरवलंय, कारण रायफल हा या खेळातला एकच खर्च आहे. साठ छर्र्यांच्या मॅचला सरावाचे धरून पंचाहत्तर-ऐंशी छर्रे जातात. पाचशेचा चांगला डबा हजाराच्या पुढे. आणि जॅकेट! रायफलीत जुनं चालतं, जॅकेटात चालत नाही. कॅनव्हासचं कडक जॅकेट पाठीला आधार देतं. ते वापरून मऊ पडतं आणि दुसऱ्याच्या मापाचं आपल्याला बसत नाही. स्पर्धेत कापडाची जाडी आणि कडकपणा यंत्रानं मोजतात, वरची मर्यादा ओलांडली तर बाहेर. म्हणून माझा सल्ला उलटा आहे: रायफल जुनी घ्या, जॅकेट स्वतःच्या मापाचं नवीन शिवून घ्या. मला आता ५६० वरून ५८० वर नेणारी वस्तू असेल तर ती जॅकेट आहे, आणि रोज रात्री अर्धा तास घरातल्या भिंतीवर ठिपका चिकटवून छर्र्याविना केलेला सराव. त्याला पैसेच पडत नाहीत.

माझ्या विरुद्ध बाजूनंही बोलण्यासारखं आहे. आमचे प्रशिक्षक म्हणतात की जुन्या रायफलीवर सवय लागली की नवीवर जाताना पुन्हा सगळी ठेवण बदलावी लागते, त्यात सहा महिने जातात. खरंय. नव्या रायफलीत स्टॉकचा प्रत्येक भाग सरकतो, वाढत्या वयाच्या मुलाला तीच वर्षानुवर्षं पुरते, हेही खरं. हॅमर्ली एआर२० सारख्या साध्या, ॲल्युमिनियमच्या स्टॉकच्या पीसीपी आता येतात, त्यांची किंमत वरच्या रायफलींपेक्षा बरीच कमी. सेकंडहँड, मुदतीतल्या सिलिंडरसह अशी एखादी मिळाली आणि क्लबात हवा भरायची सोय असली तर मी ६०२ चा हट्ट धरणार नाही. माझा विरोध नव्या रायफलीला नाहीच. "ही नसेल तर येऊच नका" या वाक्याला आहे. ते वाक्य म्हणणारे बहुतेक वेळा स्वतः क्लबाच्या जुन्या रायफलीवरच शिकलेले असतात, ही त्यातली गंमत.

आधी कोणत्या गटात खेळणार तेही ठरवायला हवं. आपल्याकडे पीप साइटबरोबर ओपन साइटचाही वेगळा गट असतो, त्यात साध्या भारतीय बनावटीच्या रायफलीवर खेळता येतं. सहा महिने त्यात खेळून आवड टिकते का बघणं, हा सगळ्यात स्वस्त मार्ग. स्पर्धेचं परिपत्रक हातात घेऊनच रायफल बघायला जा. वजनाची मर्यादा साडेपाच किलो, आणि साइट, वजनं लावून सजवलेली जुनी रायफल कधी कधी तिच्या पुढे जाते.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंची आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. मॅच रायफल सात-आठ ज्यूलचीच असते. तरीही विकणाऱ्याकडून सही केलेली पावती, त्यावर रायफलचा नंबर आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती घ्याव्यात. मूळ मालकानं खेळाडूच्या सवलतीत बाहेरून आणलेली असेल तर ती पुढे विकण्याला काही अट आहे का, हे क्लबाच्या सचिवांकडून पैसे देण्याआधी विचारून घ्यावं. निवडणुकीच्या दिवसांत ती लांब काळी पेटी घेऊन एसटीनं कोल्हापूरला निघालात तर कोगनोळीला पेटी उघडावी लागते. नियम समजावण्यात वेळ जातो. छापील प्रत आणि क्लबाचं पत्र पेटीतच ठेवलं की पाच मिनिटांत सुटका होते.

या सगळ्यात क्लबानं करण्यासारखं एक काम आहे आणि ते कुणी करत नाही. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी खेळ सोडतं. बारावी येते, नोकरी लागते, लग्न ठरतं. त्यांच्या रायफली पलंगाखाली जातात, तिथे सीलं कडक होतात, सिलिंडरच्या मुदती संपतात. दुसरीकडे नवीन मुलं तीन लाखांचा आकडा ऐकून जिन्यावरूनच परततात. क्लबानं एक वही ठेवावी: कुणाची रायफल रिकामी आहे, कोणत्या मापाची, सिलिंडरची तारीख काय, महिन्याला किती भाड्यानं मिळेल. भाडं हप्त्याला जाईल, रायफल चालती राहील. शिवाय दोन-तीन सिंगल स्ट्रोक रायफली क्लबानं स्वतः घ्याव्यात, त्यातली एक डावखुऱ्यांसाठी, कारण डावखुरी सेकंडहँड रायफल शोधणं म्हणजे दिव्य. वर्गणीत महिन्याला शंभर रुपये वाढवले तरी आमच्या साठ सभासदांत वर्षाला एक रायफल येते.

असं मी सचिवांना लेखी दिलंय, वहीचे रकाने आखून. पहिलं नाव त्या मुलीच्या रायफलीचं घातलंय, तिला विचारून. वापरायला द्यायला ती तयार आहे, तिचे बाबाही. आता कार्यकारिणीनं हो म्हणायचं बाकी आहे. बैठक दुसऱ्या रविवारी सकाळी साडेआठला असते, नेमकी आमच्या मासच्या वेळेला. मी फादरना सांगून शनिवारी संध्याकाळच्या मासला जाणार आहे. ज्यांना ही वही हवी आहे त्यांनी रविवारी यावं.